गिटारीवरचं गोंदण

बुधरीनं आदल्याच दिवशी हो म्हटलं होतं. भूमियाच्या अंगणात सगळं गाव जमलं होतं. भूमिया म्हणजे गावातला वडीलधारा, देवाचं आणि माणसांचं दोन्ही पाहणारा. त्यानं विचारलं, "मंग लच्छूच्या नावाचा दगड उभा कराचा ना, व बाई?" आणि बुधरीनं खाली बघत मान हलवली. तेवढ्यावर बायांनी एकमेकींना कोपरं मारली, पुरुषांनी तंबाखू मळायला घेतली आणि बैठक मोडली. कितीतरी वर्षं गावाच्या घशात अडकलेलं हाड एकदाचं निघालं.

लच्छू म्हणजे तिचा नवरा. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत एक ठेकेदार आलापल्लीला आला. जबलपूरला लढाईच्या सामानाच्या पेट्या करायला सुतार पाहिजेत म्हणाला आणि ज्यांच्या हाताला वळण होतं अशी माणसं वेचून घेऊन गेला. "मोहफुलं पडायच्या आत येतो," असं सांगून लच्छू गेला. मोहफुलं पडली, बायांनी वेचली, वाळवली, त्यांची दारू निघाली, ती पिऊन लोक भांडले आणि भांडणं मिटलीसुद्धा. लच्छू काही आला नाही. पुढं त्याच्याबरोबर गेलेले दोघे हाडांचे सापळे होऊन परत आले. तिथल्या छावणीत पटकीची साथ आली होती, म्हणाले. कोण मेलं, कोण पळालं, कोणालाच पत्ता नाही.

इकडच्या गावांत माणूस गेलं की त्याच्या नावाचा दगड वाटेच्या कडेला उभा करतात. गेलेला सुखात असला तर दगड वाढतो. दगड कुठं वाढतो का, असं विचारणारा माणूस हमखास शहरातला असतो. त्याला कोणी उत्तर देत बसत नाही. पण दगड उभा करायचा तर माणूस मेलेला पाहिजे. लच्छूचं मढं नाही, खबर नाही, दगड उभा कोणत्या तोंडानं करायचा? म्हणून तो राहिला आणि बुधरीही राहिली, धड बायको नाही, धड रांडमुंड नाही.

खरं सांगायचं तर तिला कोणी अडवलेलं नव्हतं. त्यांच्यात बाईनं दुसरं घर करायला कोणाची आडकाठी नसते. अडवलं होतं ते तिनंच, आणि हट्ट असा की त्यापुढं आलापल्लीचं सागवान मऊ म्हणावं. सुकलू म्हणून लच्छूचा दोस्त होता. दोघं सुकलूच्या बापाच्या हाताखालीच सुतारकाम शिकलेले. सुकलूची बायको बाळंतपणात गेली. त्यानं बुधरीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "दगड उभा राह्यला का पाहू." तो बिचारा यावर कितीतरी पावसाळे गप्प बसला. अधूनमधून तिच्या दाराशी लाकडाच्या ढलप्यांचं गाठोडं ठेवून जायचा, चूल पेटवायला. गाठोडं कुठून आलं हे तिनं कधी विचारलं नाही आणि त्यानं कधी सांगितलं नाही.

एकटेपणाचं म्हणाल तर बुधरीला तो दिवसा नव्हता. दिवसा काम असतं. संध्याकाळी भात शिजवायला बसली की तो यायचा. लच्छू गेल्यावर पहिली काही वर्षं तिनं दोघांचाच भात टाकला, न जाणो आला तर. सकाळी तो शिळा भात तीच खायची. पुढं एकदा हात आपोआप कमी तांदूळ घेऊ लागला, आणि ज्या दिवशी हे तिच्या ध्यानात आलं त्या दिवशी ती जेवली नाही. एवढंच. रडली वगैरे नाही.

तर असा तो होकार. शिमग्याआधी दगड उभा राहणार होता आणि त्यानंतर बुधरी आपलं किडूकमिडूक घेऊन सुकलूच्या घरी जाणार होती. तिला त्या सकाळी बरं वाटत होतं, हे कबूल करायला हवं. इतकं बरं की ते कोणाला दिसू नये म्हणून ती जरा जास्तच कपाळाला आठ्या घालून कामावर आली.

काम आलापल्लीच्या जंगल खात्याच्या डेपोत. तिथं आरा मशीन होती, तिचा भुसा टोपल्यांत भरून बाहेर नेऊन टाकायचा. बाजूलाच पत्र्याच्या छपरीत सुकलूचा ठिय्या. तिथं तो साहेबांची टेबलं, खुर्च्या, बंगल्याची दारं असलं काय काय करायचा. त्या दिवशी डेपोत गडबड होती. मोठे साहेब बदलून चालले होते, संध्याकाळी त्यांचा निरोप होता आणि त्यासाठी बल्लारशाहून रेल्वेवाल्यांचा बँड लारीत बसून आला होता.

लारी थांबते न थांबते तोच तिच्यातून एक काळासावळा, ठेंगणा माणूस उतरला. रजईत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक त्यानं दोन्ही हातांवर घेतलं होतं, आजारी माणसाला दवाखान्यात आणावं तसं. तो पोचू. मूळचा सिरोंच्याकडचा, पोटासाठी बल्लारशाच्या इंजिनांच्या शेडमध्ये फिटर, आणि संध्याकाळी बँडात वाजवणारा. वाटेतल्या पहिल्याच माणसाला त्यानं विचारलं, "सुतार कुठी भेटल?" आणि तडक सुकलूच्या छपरीत शिरला.

"मान सुटली, भाऊ," रजई सोडत तो म्हणाला. "आष्टीजवळ नदी उतरताना लारीनं असा हिसका देल्ला का मानच हलली. संध्याकाळच्या आत बसवून द्या. बाकी सारे वाजवून घेतील, पण बास नसल तर बँडचं पोटच खाली."

रजईतून गिटार निघाली. पण ही आपली नेहमीची गिटार नव्हे, खर्जात वाजणारी बास. उभी केली तर बुधरीच्या खांद्याला लागेल एवढी दांडगी. तारा चारच, आणि त्याही तारा नव्हेत, आतड्याच्या जाड ताती. पोटाचं लाकूड फिकट, मानेचं काळपट, कडेनं बारीक काळीपांढरी पट्टी बसवलेली आणि माथ्याशी चार मोठाल्या खुंट्या. सुकलूनं हात पुसले आणि कामाला लागला. ताती सैल केल्या, तातींखालची घोडी काढून बाजूला ठेवली आणि मान हळूच डावी-उजवी हलवत पोटातून उपसली.

बुधरी टोपली भरत होती. तिला दिसलं ते एवढंच की सुकलू एकाएकी थांबला.

मानेची जीभ पोटाच्या खाचेत बसवून वर बांबूची खुंटी ठोकलेली होती. तिच्या डोक्याला चीर देऊन चिरेत पाचर मारलेली. लोखंडाचा खिळा कुठंच नाही. सुकलूच्या बापाची बैलगाडी अशीच बांधली जायची. आणि खुंटी डाव्या अंगानं तिरपी घातलेली होती, डाव्या हातात हातोडी धरणारा माणूस घालील तशी. सुकलूच्या बापानं शिकवलेल्या पोरांत डावखुरा एकच होता, आणि त्यावरून त्यानं मारही भरपूर खाल्ला होता. अर्थात हे सगळं बुधरीला नंतर कळलं. त्या वेळी सुकलूनं एकदा गिटारीच्या तोंडाकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं पाहिलं आणि झटक्यात गिटार पोत्यावर पालथी घातली.

"बुधरी, सरस गरम करून आण व."

लाकूड चिकटवायच्या सरसाला तर तो कोणाला हात लावू देत नसे. तरी ती गेली, चुलाण्यावर डबा ठेवून ढवळत बसली आणि घेऊन आली. तर म्हणे, "पाणी आण." पाणी आणलं. मग म्हणाला, "आज तू लौकर जा ना घरी. मी सांगतो मुकादमाले."

"काऊन?"

"असंच. काल लोकं जमले होते, थकली असशील."

काल तिनं मान हलवण्यापलीकडं काही केलं नव्हतं. मान हलवून कोणी थकतं का? बुधरीनं टोपली खाली ठेवली आणि तिथंच उभी राहिली. सुकलूला थापा मारता येत नसत. मारायला गेला की त्याचे कान तांबडे व्हायचे आणि आत्ता ते चांगलेच तांबडे झाले होते.

बिंग फोडलं ते पोचूनं, आणि तेही भोळेपणानं. त्याला वाटलं, सुतार भला आहे, लगे हाथ आणखी एक काम उरकून घ्यावं. त्यानं पालथी गिटार स्वतःच उताणी केली आणि पोटावरच्या गोल भोकावर बोट ठेवलं. "आन भाऊ, एवढी ही रेघ पण जोडून द्या ना. आमचा बँडमास्तर रोज म्हणते, कारीगर दारू पिऊन बसला होता."

भोकाभोवती नक्षी कोरलेली होती. दोन रेघा सोबतीनं फिरत गेलेल्या, मधे डोंगरासारखी टोकं, टोकांच्या बाजूला ठिपके. कोरून त्यात काळी लाख भरलेली. आणि एका जागी बाहेरची रेघ चालता चालता तुटली होती, बोटभर वर उडाली होती आणि तिथून पुन्हा मुकाट पुढं चालू लागली होती.

बुधरीनं आपला हात पदराखाली घेतला.

ती लहान असताना गोंदणारी बाई गावात आली होती. मनगटापासून कोपरापर्यंत गोंदायचं होतं. पोरीनं ओठ चावून सगळं सोसलं. शेवटची रेघ राहिली असताना शेजारणीचा कोंबडा आला आणि काजळीच्या वाडग्यात पाय घालून फडफडला. सगळ्या बायांची तोंडं काळी झाली. बुधरीला हसू फुटलं, तिनं हात हिसडला आणि रेघ वर उडाली. गोंदणारी भडकली, गोंदण काय पुसता येतं? तिथून पुढं तिनं रेघ तशीच ओढली आणि चालती झाली. लग्नानंतर लच्छू त्या जागेवर बोट ठेवून म्हणायचा, "इथी कोंबडा गेला." अंधारातसुद्धा त्याला ती जागा नेमकी सापडायची. सबंध जिल्ह्यात, सबंध मुलखात, असं गोंदण दुसऱ्या बाईच्या हातावर असणं शक्य नव्हतं.

"कुठून आणली ही?" तिनं विचारलं. आवाज आपलाच आहे का, असं तिला वाटलं.

"जबलपूरची आहे, बाई. परवाच्या दिवाळीत मी सोता जाऊन आणली. तिथी एक दुकान आहे बाजा-गिटारींचं, मागं कारीगर बसते. डावखुरा आहे, पण हात पाहा त्याचा!"

"परवाच्या दिवाळीत?"

"हो ना. माह्या समोर लाख भरली त्यानं."

म्हणजे जिवंत. पटकी नाही, छावणी नाही, मढं नाही. परवाच्या दिवाळीत डोळ्यांदेखत बसून लाख भरत होता. बुधरीला जो आनंद झाला तो खरा होता. तो आधी झाला, हे सांगितलंच पाहिजे. छातीत काहीतरी मोकळं झालं आणि ती जवळजवळ हसली. मग, पाणी भरलेला घडा डोक्यावरून निसटावा तसं बाकीचं सगळं एकदम तिच्या अंगावर आलं. जिवंत होता, आणि आला नाही. जबलपूर काही लंका नव्हती. बल्लारशापर्यंत आगगाडी येत होती. त्याला वाट माहीत होती, गाव माहीत होतं, भात कुठल्या वेळी शिजतो हेही माहीत होतं.

इतकी वर्षं ती मेलेल्या माणसाची वाट पाहत होती आणि त्यात एक प्रकारची अब्रू होती. जिवंत माणसाची वाट पाहिली म्हणजे नुसती फजिती.

"ही रेघ," ती म्हणाली, "सगळ्याच बाजांवर अशी असते?"

"त्याच्या हातच्या साऱ्याच. लहान असो का मोठी. मालक ओरडते त्याच्यावर, गिऱ्हाईक नाव ठेवते म्हणते. मी पण विचारलं होतं, का बाबा, ही रेघ अशी काऊन? तर म्हणते, ते असंच आहे."

"आन काय म्हणला?"

"काई नाई. बोलत नाई तो जास्त."

 सुकलू पटाशीला धार लावत बसला होता, जिला धारेची अजिबात गरज नव्हती. मग तिनं तो एकच प्रश्न विचारला जो कोणत्याही बाईनं विचारला असता.

"घरी कोण कोण आहे त्याच्या?"

पोचू आता कुठं जरा सावध झाला. फिटर माणूस, कुठली गोष्ट कुठं बसते हे त्याला जरा उशिरा का होईना कळायचं. "बायको आहे," तो हळू म्हणाला. "दुकानातच राहते. तोच कोरते, ती पॉलिश घासते. दोन पोरी आहेत लहान लहान."

"तिच्या हातावर गोंदण आहे?"

"नाई, बाई. बांगड्या आहेत काचेच्या."

यावर पोचूला एकाएकी चहाची तलफ आली आणि तो निघून गेला. जाताना म्हणाला, "शिमगा झाला की नव्या ताती आणायला मी जबलपूरले जाणार आहे. कोणाले काई निरोप सांगाचा असल तर सांगजा. उद्या सकाळी लारी सुटते."

छपरीत दोघंच उरली.

"तुले कवा समजलं?" बुधरीनं विचारलं.

"खुंटी पाह्यली तवाच."

"आन पालथी घातली."

सुकलूनं पटाशी खाली ठेवली. "सांगून काय झालं असतं? तू पुन्हा दारात जाऊन बसली असती. मले वाटलं, उद्या लारी जाईल, त्याच्यासंगं हे बी जाईल. तुले कायचंच दुख होणार नाई."

"माह्या दुखाचा ठेका कोनं देल्ला तुले?"

"कोनं नाई." त्याचे कान अजून तांबडेच होते. "भेव वाटला मले, बुधरी. काल तू हो म्हटलं. रातभर मले झोप नाई आली आनंदानं. आन सकाळी हे आलं." तो पुढं म्हणाला, "तरी ये ना. दगड नाई तर नाई. जिवंत असून नाई आला तो. आपल्याले काय त्याचं?"

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. कोणीही समजूतदार बाई गेली असती आणि सुखात राहिली असती. बुधरीलाही ते कळत होतं. पण तिच्या डोळ्यांपुढं सारखा तो सकाळचा सुकलू येत होता, गिटार पालथी घालून सरस गरम करायला पाठवणारा. एवढा भला माणूस, आणि तिच्याबद्दलची एवढी मोठी गोष्ट त्यानं पोत्यावर दाबून धरली होती.

"तो बारा वरसं गप राह्यला," ती म्हणाली. "तू एक सकाळ. पण तुम्ही दोघंबी मले न इचारताच गप राह्यले, सुकलू. आता नाई जमणार मले."

सुकलू मग उठला, सरस लावला, मान खाचेत बसवली आणि नवी बांबूची खुंटी उजव्या अंगानं ठोकली. रेघेला त्यानं हात लावला नाही. बुधरी टोपली उचलून बाहेर गेली आणि दिवसभर भुसा वाहत राहिली. दुपारी पोचूनं ताती चढवून बास वाजवून पाहिली. तो आवाज कानांपेक्षा पायांना जास्त कळत होता. भुशाच्या ढिगावर उभ्या असलेल्या बुधरीच्या टाचांना तो कळला आणि ती तिथून बाजूला झाली.

संध्याकाळी गावात आल्यावर ती भूमियाकडं गेली. "दगड नको," म्हणाली. "लच्छू जिवंत आहे. जबलपूरले आहे."

आता गंमत पाहा. सगळं गाव खूश झालं. म्हातारा उठून उभा राहिला, त्याच्या बायकोनं बुधरीच्या तोंडावरून हात फिरवला, कोणी मोहाची दारू आणायला धावलं. "पाह्यलं? आमी म्हणतच होतो!" जे आदल्या दिवसापर्यंत दगडाचं माप घेत होते तेच असं म्हणू लागले. एकीनं विचारलं, "कवा येते मंग?" आणि दुसरीनंच उत्तर दिलं, "येईल आता, काऊन नाई येणार?" बुधरीच्या हातात पानाचा द्रोण आला, लोक प्याले, जुन्या गोष्टी निघाल्या, लच्छू डाव्या हातानं कशी फणी कोरायचा त्याची आठवण निघाली. तो आजवर का आला नाही, हे मात्र कोणी विचारलं नाही. बायको आणि दोन पोरींचं तिनंही सांगितलं नाही. भरल्या अंगणात मधोमध बसून तिला जेवढं एकटं वाटलं तेवढं बारा वर्षांत आपल्या रिकाम्या झोपडीत कधी वाटलं नव्हतं.

घरी आली तेव्हा तिनं चूल पेटवली नाही. पडल्या पडल्या ती निरोप जुळवू लागली. राग होता, आणि चांगला कडकडीत होता. ये, असं सांगायचं नव्हतं. पोरींचा बाप काय म्हणून ओढून आणायचा? येऊ नको, असंही नाही. तो येतच नव्हता, त्याला कशाला तेच सांगायचं? मग तिला सापडलं. त्याला असं काही सांगायचं की एकदा तरी त्याचा हात थांबेल. जेवायला बसेल आणि घास उतरणार नाही. बायको विचारील काय झालं, आणि त्याला सांगता येणार नाही. जे तिनं सोसलं त्यातलं थोडंसं, एक संध्याकाळभर, त्यानंही सोसावं. एवढं मागण्याचा तिला हक्क होता, आणि कोणी नाही म्हटलं असतं तर ती भांडली असती.

सकाळी डेपोच्या फाटकाशी लारी उभी होती. बँडवाले जांभया देत वर चढत होते. पोचू रजईत गुंडाळलेली बास मांडीवर घेऊन मागच्या फळीशी बसला होता. बुधरी आली तशी तो वाकला.

"काय निरोप सांगू, बाई?"

"सांगजा, बुधरी मेली."

पोचूनं तिच्याकडं पाहिलं. काल पदराखाली गेलेल्या हाताकडंही पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं, आणि त्यानं ते दाखवलं नाही, हा त्याचा मोठेपणा म्हणायचा. त्यानं कामाचं विचारावं तसं विचारलं, "कवा मेली म्हणू?"

"औंदाच. धान कापून झाल्यावर."

"तो इचारल, कशानं गेली म्हणून."

रात्री तिनं हेही ठरवलेलं होतं. उपाशी मेली असं सांगायचं होतं. नाहीतर वाघानं नेली. किंवा दारात बसून बसून मेली. ज्यानं त्याच्या काळजाला घरं पडतील असंच काहीतरी. तिनं तोंड उघडलं, आणि तिला त्याचा चेहराच दिसला, लाख भरता भरता मान वर करून ऐकणारा.

"तापानं," ती म्हणाली.

"लई दिवस होती का तापात?"

"नाई, नाई. लौकर गेली. त्रास नाई झाला म्हणा तिले." लारीचं इंजिन सुरू झालं, फळी थरथरू लागली, आणि बुधरी दोन पावलं लारीबरोबर चालली. "आन एकटी नव्हती म्हणा. घर भरून माणसं होती तिच्याजवळ."

पोचूनं मान हलवली. लारी फाटकातून बाहेर पडली.

"एकटी नव्हती म्हणा!" बुधरी पुन्हा मोठ्यानं ओरडली, कारण इंजिनाच्या आवाजात त्याला ते ऐकू गेलं की नाही, हे तिला कळलं नाही.